चिठ्ठीच्या गावी

जपानला जाऊन आलेली आपली मंडळी टोकियोचे वर्णन करतात, क्योटोच्या देवळांचे करतात, हिरोशिमाचे नाव निघाले की क्षणभर गप्प होतात. पण नागोयाविषयी कोणी अवाक्षर काढीत नाही. टोकियोहून क्योटोकडे निघालेली शिंकान्सेन सुमारे पावणेदोन तासांनी तेथे थांबते, काही प्रवासी उतरतात, काही चढतात, आणि आपला माणूस खिडकीतून फुजी पर्वत दिसून गेल्याच्या समाधानात डुलकी घेत असतो. खुद्द जपानी लोकही नागोयाला जरा नाकच मुरडतात. “तिथे काय पाहणार?” असे टोकियोच्या हॉटेलातल्या बाईंनी आम्हांला कमरेत वाकून, अत्यंत नम्रपणे विचारले होते.

आम्ही मात्र तेथे मुद्दाम गेलो. एक कारण घरगुती. सौ.चा भाचा गेली सहा वर्षे त्या बाजूला नोकरीला आहे. मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत तो संगणकाचे काम पाहतो. दुसरे कारण माझे. मी चौतीस वर्षे चिंचवडच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळले. बिन-कार्डे, चलने, गेटपास आणि वर्षअखेरची मोजदाद यांत माझे केस पांढरे झाले. लोक परगावी गेले म्हणजे देवळे बघतात, मला गोदामे बघावीशी वाटतात. “ह्यांना ताजमहाल दाखवला तर विचारतील, एवढा संगमरवर उतरवून ठेवला कुठे होता?” असे सौ. चारचौघांत सांगते, आणि ते अगदीच खोटे नाही.

तिसरे कारण मंडईतले. आमच्या नेहमीच्या भाजीवालीच्या गाळ्यावर, कांद्यांच्या ढिगामागे, एक लहानशी पाटी टांगलेली असते. तिच्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन. फोन समोर धरला की पैसे पोहोचतात. भाचा सुट्टीवर आला असताना त्या पाटीकडे बोट दाखवून म्हणाला, “मामा, हा चौकोन भाजीसाठी जन्माला आलेला नाही बरं का! मोटारीच्या सुट्या भागांच्या खोक्यांवर चिकटवायला तो काढला. माझ्या खोलीपासून आगगाडीने थोड्याच अंतरावर त्याचे गाव आहे.” स्टोअरकीपरला एवढे आमंत्रण पुरे होते.

नोव्हेंबरचा महिना होता. रस्त्याच्या कडेची गिंकोची झाडे हळदीसारखी पिवळी झालेली, दुकानांतून पर्सिमनची केशरी फळे रचून ठेवलेली. खाण्याची मात्र पंचाईत. इकडच्या लोकांना तांबड्या मिसोचे भारी वेड. तो रश्शात घालतात, भाजीवर ओततात. सोयाबीनचाच असल्यामुळे आम्ही हरखलो, तर भाच्याने सांगितले की रस्सा माशाच्या पाण्यात शिजवतात. सौ.ने पहिल्याच दिवशी मेतकुटाची बाटली बाहेर काढली आणि पुढचे सहा दिवस आम्ही जपानी भाताला पुणेरी मेतकूट लावून जगलो.

नागोया स्टेशनापासून मेइतेत्सु रेल्वेचे एकच स्थानक ओलांडले की साको लागते. तेथून चार पावलांवर लाल विटांची एक जुनी गिरणी आहे. तिच्यात १९९४ साली टोयोटा उद्योगसमूहाने आपले संग्रहालय उघडले. मोटारी पाहायला म्हणून आत गेलो तो समोर प्रचंड गोल माग! आणि पुढच्या दालनांतून मागच माग. मुंबईच्या गिरणगावात साचा म्हणत तो हाच. माझे थोरले चुलते परळच्या एका गिरणीत साचेवाले होते. तो खडखडाट ऐकताच सूत, तेल आणि घाम यांचा त्यांच्या सदऱ्याला येणारा वास एकदम नाकात आला.

साकिची तोयोदा हा सुताराचा मुलगा. जन्म १८६७. आई हातमागावर विणी, ते कष्ट पाहून त्याने लाकडी मागात सुधारणा करायला घेतली आणि आयुष्यभर मागांच्याच पाठीस लागला. १९२४ सालचा त्याचा स्वयंचलित माग तेथे चालवून दाखवतात. धोट्यातले सूत संपत आले की माग न थांबता धोटा आपोआप बदलतो. पण ताण्याचा एक धागा जरी तुटला, तरी माग त्याच क्षणी स्वतःहून उभा राहतो. दाखवणाऱ्या तरुणीने हसत हसत एक धागा तोडला, आणि तो अगडबंब सांगाडा शहाण्या बैलासारखा थबकला. मागाला स्वतःची चूक स्वतःला कळते, म्हणून त्याच्यावर नजर ठेवून माणूस उभा करण्याचे कारण नाही. एक माणूस कितीतरी माग सांभाळू शकतो. १९२९ साली या मागाचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने घेतले. आपल्या मुंबईच्या गिरण्यांतून ज्यांची यंत्रे भरलेली होती तेच हे प्लॅट!

येथे मला एक गोष्ट आठवल्यावाचून राहवली नाही. मुंबईत साचेवाल्याकडे साधारणतः दोन साचे असत. त्याच्याकडे तीन साचे देण्याच्या गोष्टी सुरू झाल्या तेव्हा १९२८ साली गिरणगावाने सहा महिने संप केला. साको गावच्या त्या दालनात ज्या युक्तीकडे सारे कौतुकाने पाहत होते, तिचेच नाव परळच्या चाळीत काढले असते तर चुलीवरचे आधण उतरले असते. यंत्राला कळू लागले म्हणजे माणसाचा भार कमी होतो की माणूसच कमी होतो, याचे उत्तर यंत्रात लिहिलेले नसते.

साकिचीचा मुलगा कीइचिरो याने मागांच्या कारखान्यात मोटार करण्याचा घाट घातला. १९३७ साली मोटार कंपनी वेगळी झाली. घराण्याचे नाव तोयोदा. कंपनीचे टोयोटा केले, कारण जपानी लिपीत ते आठ फटकाऱ्यांत लिहून होते आणि आठ हा आकडा शुभ! (हे वाचून सौ.ला जपान एकदम माहेरासारखा वाटू लागला.) कारखान्यासाठी जागा मिळाली ती कोरोमो नावाच्या गावी. हे गाव रेशमाच्या व्यापारावर जगत होते, तो व्यापार बसला होता. १९३८ साली कारखाना उभा राहिला आणि १९५९ साली गावाने आपले जुने नाव टाकून टोयोटा हे नाव घेतले. कुंडल रोडचे किर्लोस्करवाडी झालेले आपण पाहिले आहे. पण सबंध शहराने कंपनीचे नाव लावावे हे आक्रीतच. टोयोटा शहरात आम्ही एक दिवस हिंडलो. रुंद रस्ते, बेताची वर्दळ, दूरवर डोंगर, आणि असुके गावाकडे नदीकाठच्या घळीत मेपलची तांबडीलाल पाने. शोभा होती, पण माझे लक्ष रस्त्यावरच्या मालमोटारींकडे. एवढ्या मोटारी येथे तयार होतात, मग माल साठवलेली अवाढव्य गोदामे कोठे आहेत? ती दिसेनात.

ती नाहीत, हीच तर या गावाची विद्या. ताइइची ओनो नावाचे एक इंजिनियर येथे होऊन गेले. युद्धानंतर पैसा नव्हता, माल साठवणे परवडत नव्हते. अमेरिकेतल्या सुपरमार्केटविषयी त्यांनी ऐकले होते: गिऱ्हाईक फळीवरून हवे तेवढे उचलते आणि दुकानदार उचलले तेवढेच पुन्हा मांडतो. ओनोंनी ते उलटे करून कारखान्यात आणले. पुढच्या कामगाराने मागच्या खात्याकडे जायचे, लागेल तेवढेच न्यायचे, आणि नेले तेवढेच मागच्याने पुन्हा करायचे. १९५३ च्या सुमारास त्यांनी हे आपल्या यंत्रशाळेत चालू केले, १९६३ साली ते सबंध कंपनीत आले. निरोप्याचे काम करायला एक चिठ्ठी. तिचे नाव कानबान, म्हणजे दुकानावरची पाटी. कोणता भाग, किती नग, कोठून कोठे, एवढाच मजकूर. नियम मोठे कडक: चिठ्ठीवाचून माल हलवायचा नाही, चिठ्ठीवाचून माल करायचाही नाही.

आमच्या वाचक भगिनींना हे सांगायला नकोच. तूरडाळीच्या डब्याच्या तळाशी एक चिठ्ठी ठेवली, डाळ त्या चिठ्ठीपर्यंत आली की ती वाण्याकडे गेली आणि वाण्याने तेवढीच डाळ धाडली, तर घरात डाळीचे पोते लागणार नाही आणि डब्यात टोकेही पडणार नाहीत. फक्त वाणी त्याच दिवशी आला पाहिजे. सारी मेख या शेवटच्या वाक्यात आहे.

माझ्यासारख्याला मात्र हे पचवणे सोपे नव्हते. आमच्या वेळी स्टोअर्सची अब्रू भरलेल्या रॅकवर मोजत. संपाची भीती, पावसाळ्यात घाट बंद पडण्याची भीती, लोखंडाच्या परमिटची भीती. जो पुढच्या तीन महिन्यांचा माल दडवून ठेवी तो हुशार. आणि येथे ओनोसाहेब सांगतात की भरलेले रॅक म्हणजे झाकलेले दोष. संग्रहालयातल्या त्या चिठ्ठीसमोर मी बराच वेळ उभा होतो. प्लॅस्टिकच्या पाकिटातले आमच्या बिन-कार्डाएवढे कागदाचे चिटोरे. पण आमचे कार्ड फळीवर पडून राही. माल किती होता हे सांगे. ही चिठ्ठी मालाबरोबर हिंडते आणि पुढे काय हवे ते सांगते.

आता त्या चौकोनाकडे येऊ. नागोयाहून रेल्वेने वीसएक मिनिटांवर कारिया आहे. गाव बघायला गेलात तर निराशा होईल. स्वच्छ, शांत, कचेऱ्या सुटल्यावर सायकलींनी भरणारे. पण देन्सो आणि आइसिन या सुट्या भागांच्या कंपन्या आणि मागांची मूळ तोयोदा कंपनी, या सर्वांची मुख्यालये या एवढ्याशा गावात आहेत. देन्सो ही १९४९ साली टोयोटातून वेगळी निघाली. चिठ्ठ्यांची संख्या वाढत गेली, हाताने नोंदी करता करता माणसे थकली, तेव्हा देन्सोने चिठ्ठीवर पट्ट्यापट्ट्यांचा बारकोड आणला. पण बारकोडात जेमतेम वीस अक्षरे मावतात. १९९० नंतर तऱ्हेतऱ्हेच्या मोटारी थोड्या थोड्या संख्येने काढण्याचे दिवस आले, माहिती फुगली, आणि एकेका खोक्यावर दहा-दहा बारकोड चिकटू लागले. एक कामगार दिवसाकाठी हजारभर बारकोड वाची. खांदा दुखे, वेळ जाई, तक्रारी येत.

त्या तक्रारी मासाहिरो हारा यांच्याकडे आल्या. १९९२ साली त्यांनी काम हाती घेतले. हाताखाली मोठा ताफा नव्हता, अवघी दोन माणसे. जेवणाच्या सुट्टीत ते गो नावाचा खेळ खेळत. हा काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा खेळ. उभ्या-आडव्या रेघांच्या पटावर मांडलेल्या त्या सोंगट्यांकडे पाहता पाहता त्यांच्या मनात आले की माहिती अशी दोन्ही दिशांनी मांडता येईल. मांडता आली, पण यंत्राने एवढ्या छापील पसाऱ्यातून ती शोधायची कशी? मग चौकोनाच्या तीन कोपऱ्यांत खुणेची घरे घालण्याचे ठरले. त्या घरांसारखी आकृती दुसरीकडे कोठे छापलेली असता कामा नये, म्हणून त्यांनी मासिके, जाहिरातींचे कागद, पुठ्ठ्याची खोकी असे दिसेल ते छापील तपासले, आणि काळ्या-पांढऱ्या जाडीचे सर्वांत विरळ प्रमाण शोधून काढले: एकास एक, तीन, एक, एक. आपल्या फोनमधल्या डोळ्याला मंडईच्या गर्दीत भाजीवालीची पाटी चटकन सापडते ती या शोधामुळे. शिवाय कारखान्यात तेलाचे हात लागणार, कागद फाटणार. म्हणून तीस टक्क्यांपर्यंत भाग खराब झाला तरी उरलेल्यावरून मजकूर जुळवता येईल अशी सोय केली. कोथिंबिरीचे पाणी उडालेली पाटीही चालते, ती कारियाच्या कामगाराच्या तेलकट हातांच्या कृपेने!

१९९४ साली क्यूआर कोड जाहीर झाला. पेटंट होते, पण ठरलेल्या पद्धतीने वापरणाऱ्याकडून कंपनीने पैसे मागितले नाहीत. तो जगभर पसरला याचे मोठे श्रेय मी या निर्णयाला देतो. २००२ मध्ये जपानात फोनवर त्याचा वाचक आला. आपल्याकडे २०१६ सालच्या नोटाबंदीनंतर तो दारोदार पोहोचला. आणि गंमत अशी की भाजीवालीकडून तो पुन्हा कारखान्यात परतला आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या धंद्यांनी दुसऱ्या धंद्याला माल विकला की त्याचे बीजक आधी सरकारच्या संगणकावर नोंदवावे लागते आणि त्याच्यावर हाच चौकोन उमटतो. माझ्या वेळी चलनाच्या तीन प्रती असत: पांढरी, गुलाबी, पिवळी. गुलाबी नेहमी हरवायची.

कागद मात्र टोयोटातूनही पुष्कळसा गेला. चिठ्ठी आता तारेवरून जाते. लहान पुरवठादाराच्या यंत्रावर ती उमटते आणि मग छापून खोक्याला लागते. या अदृश्य चिठ्ठ्यांमुळे शेकडो कारखाने एका सुरात चालतात. एक सूर चुकला तर काय होते, याच्या कारियात आणि आजूबाजूला ऐकलेल्या कथा देवळांपेक्षा रंजक आहेत.

१ फेब्रुवारी १९९७ च्या पहाटे कारियात आइसिनच्या कारखान्याला आग लागली. तेथे ब्रेकच्या तेलाचा दाब आवरणारी एक लहानशी झडप होत असे. टोयोटाच्या बहुतेक सर्व मोटारींना तीच लागे. साठा काही तासांचा. टोयोटाचे कारखाने धडाधड बंद पडले. आमच्याकडे असे झाले असते तर चौकशी समिती बसली असती. तेथे दोनशेहून अधिक कारखाने मदतीला धावले. नकाशे वाटले गेले, ज्याला जे यंत्र होते त्यावर त्याने झडप कातायला घेतली. शिवणयंत्रे करणाऱ्या ब्रदर कंपनीनेही, जिने मोटारीचा भाग कधी केला नव्हता. पैसे किती, करार कोणता, हे कोणी आधी विचारले नाही. आठवड्याच्या आत गाडे बव्हंशी रुळावर आले.

११ मार्च २०११ च्या भूकंपात निराळाच अनुभव आला. टोयोटाला आपला पुरवठादार माहीत होता. पुरवठादाराच्या पुरवठादाराचा पुरवठादार कोण, याचा पत्ता नव्हता. दहा वाटांनी येणारा माल तळाशी एकाच चिपच्या कारखान्यातून निघत असे आणि तोच मोडून पडला होता. मग त्यांनी सबंध साखळीची माहिती गोळा करणारी वही संगणकावर उघडली. पुष्कळ लहान कारखानदार ती माहिती द्यायला कचरले, आणि मला त्याचे मुळीच नवल वाटले नाही. कोणता वाणी आपण डाळ कोठून आणतो हे गिऱ्हाइकाला सांगतो? त्या धड्यानंतर टोयोटाने चिपचा दोन ते सहा महिन्यांचा साठा पुरवठादारांकडे ठेवायला लावला. हे ऐकून मी भाच्याच्या पाठीवर थाप मारली. अखेर ओनोसाहेबांच्या गावालाही रॅक भरावे लागले! २०२१ च्या चिप-टंचाईत हा साठा बरेच दिवस पुरला, आणि शेवटी तोही अपुरा पडला.

पुढची कथा फेब्रुवारी २०२२ ची. टोयोटा शहरातल्याच कोजिमा या प्लॅस्टिकचे भाग करणाऱ्या कंपनीच्या संगणकात चोर शिरले; आतली माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणारे चोर. वाट मिळाली ती तिच्या एका उपकंपनीच्या दूरवरून जोडणी करणाऱ्या यंत्रातून. चिठ्ठ्यांची ये-जा थांबली, आणि १ मार्चला जपानमधले टोयोटाचे चौदाही कारखाने दिवसभर बंद राहिले. सुमारे तेरा हजार मोटारी त्या दिवशी झाल्या नाहीत. आणि २९ ऑगस्ट २०२३ रोजी ते चौदाही कारखाने पुन्हा थांबले, त्यामागे तर चोरही नव्हता. सुटे भाग मागवणाऱ्या संगणकाची साफसफाई चालली असता त्यात जागा पुरली नाही. जोडीचा राखीव संगणकही त्याच पद्धतीचा, तोही त्याच कारणाने बसला. ज्या गावाने मालाच्या गोदामांना रजा दिली ते गाव माहितीचे गोदाम भरले म्हणून थांबले. आमच्या जुन्या स्टोअर्समध्ये जागा संपली की आम्ही माल व्हरांड्यात रचत असू. तेवढी सोय त्या यंत्रात नव्हती.

हे सर्व मी हौसेने ऐकत होतो, तरी मनात एक दुसरेच काम होते. भोसरीला माझे एक जुने स्नेही आहेत. आमच्याच कारखान्यात टर्नर होते. नंतर कर्ज काढून स्वतःची दोन यंत्रे टाकली, आता सहा आहेत आणि अकरा माणसे. एका मोठ्या कंपनीला ते पितळी बुश पुरवतात. निघण्याच्या आदल्या रात्री ते घरी आले. म्हणाले, “भाऊसाहेब, कंपनी म्हणते तुमच्या यंत्रांना आमची पेटी लावा. यंत्र किती मिनिटे चालले, किती नग पडले, रॅकवर किती आहेत, सगळे त्यांना तिकडे बसून दिसणार. नाही म्हटले तर काम जाईल. हो म्हटले तर एक बुश किती सेकंदांत निघतो हे त्यांना कळेल; मग दर मी कसला ठरवणार? त्या जपान्यांकडे हे कसे करतात, तेवढे विचारून या.”

भाच्याने खटपट करून टोयोटा शहराच्या कडेच्या एका लहान कारखान्यात आम्हांला नेले. चौदा माणसांचा कारखाना, मालक सत्तरीचे, डोक्याला टोपी, बोटे माझ्या भोसरीच्या मित्राच्या बोटांसारखीच, कातकामाने जाड झालेली. दारात जोडे बदलून सपाता घातल्या. हिरवा चहा आला. रॅकवर खोकी मोजकीच, प्रत्येकावर चौकोन छापलेला. मी भोसरीचा प्रश्न जसाच्या तसा मांडला, भाच्याने त्याचे जपानी केले. म्हातारबुवा बराच वेळ बोलले नाहीत.

मग म्हणाले, भाव उतरवण्याची मागणी दर सहामाहीला येते. संगणक नव्हते तेव्हाही येत असे. आमचा खर्च त्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे. त्यांचा माणूस येऊन यंत्राजवळ घड्याळ धरून उभा राही. आता घड्याळ पेटीत गेले एवढेच. पण, असे म्हणून त्यांनी भिंतीवरचा एक कागद दाखवला. पुढच्या तीन महिन्यांत कोणता भाग साधारण किती लागेल, याचा तो अंदाज होता. मोठ्या कंपनीकडून आलेला. दर महिन्याला नवा येतो. “ते माझा रॅक पाहतात, मी त्यांचे पुढचे तीन महिने पाहतो. तुमच्या मित्राला काय दिसते?”

मला भोसरी आठवली. संध्याकाळी सहाला फोन येतो: उद्या सकाळी पाचशे नग हवेत. नाहीतर महिनाभर फोनच येत नाही, आणि केलेला माल पावसाळी हवेत काळा पडत बसतो. पैसे नव्वद दिवसांनी. माझ्या मित्राला काहीच दिसत नाही. पेटी लावल्यावर त्याचे सर्व दिसेल, आणि त्याला तेव्हाही काही दिसणार नाही. घरी जाऊन त्याला काय सांगायचे ते मला तेथे समजले: पेटीला नाही म्हणू नका, पण पेटी बसवायला येणाऱ्या माणसाकडे तीन महिन्यांचा कागद मागा, आणि तो लेखी मागा. एकट्याने मागितला तर देणार नाहीत. भोसरीत बुश करणारे आणखी वीसजण आहेत, त्यांना बरोबर घ्या. या सल्ल्याने काम जाईलही. टोयोटाने २०२४ साली छत्रपती संभाजीनगरला मोठा कारखाना काढण्यासाठी महाराष्ट्र सरकारशी सामंजस्य करार केला आहे. तिकडच्या आणि चाकणच्या लहान कारखानदारांपुढे हाच प्रश्न येणार, म्हणून हे जरा लांबवून लिहिले.

२०२२ च्या त्या बंद दिवशी तुम्ही काय केले, असे सौ.ने मध्येच विचारले. मालक प्रथमच मोठ्याने हसले. म्हणाले, यंत्रे पुसली, दुपारी सगळ्यांनी मिळून नूडल्स खाल्ले. पण तयार खोकी दाराशी रचून ठेवली होती, आणि ती न्यायला कोणी येत नाही हे बघवत नव्हते. पुन्हा पुन्हा दारापर्यंत जाऊन आलो.

बोलता बोलता त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. चार वाजून आठ मिनिटे झाली होती. ते उठले, आम्हांला हाताने अदबीने भिंतीकडे सरायला सांगितले आणि दाराचे लोखंडी शटर वर लोटले. बाहेर मालमोटार मागे घेतल्याची घंटी वाजत होती. ड्रायव्हर उतरला, त्याने वाकून नमस्कार केला, हातातले यंत्र एकेका खोक्यावर धरले. प्रत्येक वेळी बारीकसा चिवचिवाट झाला. सौ.ने मोजले, सतरा खोकी. रिकामी सतरा खाली उतरली, भरलेली वर गेली, पुन्हा नमस्कार झाला. सव्वाचारला शटर खाली आले आणि म्हातारबुवा आमच्यासाठी चहाचे आधण पुन्हा ठेवायला आत गेले.